आजच्यापुरतं पीठ : पुण्यातल्या एका शोकाचा प्रकरण अभ्यास

हे लिहिण्याआधी मी बाईंना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "लिहा. पण नाव नको. आणि मी फार धीराची होते असं काही लिहू नका." नाव लिहिलेलं नाही, ओळख पटेल असे दोन-तीन तपशील बदलले आहेत. दुसरी अटही मी पाळणार आहे.

मी पुण्यातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शोकाकुल घरांना भेटी देण्याचं काम करते. समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला आहे, पण मी डॉक्टर नाही, पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही. हे प्रकरण जानेवारी 2023 मध्ये माझ्याकडे आलं.

पार्श्वभूमी

बाई तेव्हा 61 वर्षांच्या. महापालिकेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त, त्यामुळे सगळी मंडळी त्यांना 'बाई'च म्हणते. यजमान खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. दोघंही मूळचे नगरकडचे. आमच्या मंडळीतली कितीतरी घरं तिकडचीच. 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला सुरू झालं. त्या मातीतली माणसं पुण्यात आली, ती ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं, भेटल्यावरचा 'सलाम' आणि बाजरीची भाकरी बरोबर घेऊन. भाकरीचा उल्लेख मी सहज करत नाही, या प्रकरणात तिला मोठी जागा आहे.

2021 चा ईस्टर 4 एप्रिलला होता. दोघांनी घरात बसून, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उपासना ऐकली. त्याच आठवड्यात दोघांना ताप आला. बाईंचा उतरला, यजमानांचा ऑक्सिजन उतरू लागला. बेड मिळायला तीन दिवस गेले. तो एप्रिल ज्यांनी पुण्यात काढला त्यांना जास्त सांगायला नको. नवव्या दिवशी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी रुग्णालयाचा फोन आला.

कोविडच्या तेव्हाच्या नियमाने अंत्यविधीला 20 माणसांची मुभा होती. प्रत्यक्षात गेले तिघे: मुलगा, पाळकसाहेब आणि मंडळीतला एक तरुण. बाई पॉझिटिव्ह, घरात एकट्या. मुलाने व्हिडिओ कॉल लावून दिला. चार मिनिटं दिसलं आणि रेंज गेली. परत लागेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आपल्याकडे दफनाच्या वेळी पाळक 'मातीला माती' म्हणतात आणि मग एकेक जण पुढे होऊन मूठभर माती टाकतो. मूठमाती. चाळीस वर्षांच्या संसाराची ती शेवटची कृती बाईंच्या हातून राहून गेली.

काय दिसलं

पहिल्या भेटीत मला बैठकीच्या खोलीत बसवलं, पण बाई पाणी आणायला आत गेल्या तेव्हा मीही मागोमाग गेले. ओट्यावर वेताच्या टोपलीत वाळलेल्या भाकऱ्यांची चळत होती. विचारलं तर म्हणाल्या, "चार करते. दोन त्यांच्या, दोन माझ्या. सवय आहे." त्यांच्या दोन उरायच्या. त्या गच्चीवर वाळवून शेजारच्या बांधकामावरच्या वॉचमनच्या शेळीला जायच्या. पावणेदोन वर्षं.

पीठही पाच किलोच दळून आणायच्या, पूर्वीसारखं. ज्यांनी बाजरी खाल्ली आहे त्यांना ठाऊक आहे की बाजरीचं पीठ ठेवायचं पीठ नव्हे. बाजरीत तेलाचा अंश बराच असतो. दळल्यावर आठ-दहा दिवसांत पीठ खवट होतं, भाकरी कडू लागते. एकट्या माणसाला पाच किलो म्हणजे कितीतरी दिवस कडू भाकरी. "कडू लागते हो. पण अन्न आहे, टाकवत नाही," म्हणाल्या. हे वाक्य मी घरी जाऊन वहीत लिहिलं. का, ते तेव्हा कळलं नव्हतं.

रोज पहाटे तीनला जाग, मग झोप नाही. वजन उतरलेलं. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दोन वर्षांत पाऊल नाही. प्रार्थनेबद्दल म्हणाल्या, "प्रभूची प्रार्थना म्हणते. ती पाठ आहे. स्वतःचे शब्द येत नाहीत."

मी सरळ विचारलं, "बाई, जगू नये असं वाटतं का?" हा प्रश्न विचारल्याने कुणाच्या डोक्यात तसलं काही शिरत नाही. उलट ज्याच्या डोक्यात ते आधीच असतं त्याला बोलायला वाट मिळते. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "स्वतःहून काही करणार नाही. पण सकाळी जाग आलीच नाही तर बरं, असं रोज वाटतं."

म्हणून सगळ्यात आधी डॉक्टर. शोक हा आजार नव्हे, पण तो लांबत जाऊन माणसाचं रोजचं जगणंच बंद पाडू लागला की वैद्यकशास्त्र आता त्याला वेगळं नाव देतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2022 च्या सुधारित पुस्तिकेत प्रौढांसाठी एक वर्षाची. बाईंना 21 महिने झाले होते. निदान करणं माझं काम नाही, पण पाठवणं आहे.

त्या अडून बसल्या. "मानसोपचाराचा डॉक्टर म्हणजे माझा विश्वास कमी पडला, असंच ना?" मी विचारलं, रक्तदाबाची गोळी रोज घेता तेव्हा विश्वास कमी पडतो का? प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्यच होता, पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो. बाई मुलाबरोबर गेल्या. काही महिने औषध चाललं आणि झोप पाच तासांवर आली. सरकारच्या टेलि-मानस या फोनवरच्या मानसिक मदतीच्या सेवेचा 14416 हा नंबर मी फ्रिजवर चिकटवला. पुढचं सगळं या औषधाच्या जोडीने घडलं, त्याच्याऐवजी नव्हे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं.

लोक काय म्हणाले, आणि मी काय म्हणाले

दोन वर्षांत बाईंना काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी एका दमात सांगितलं. देवाला त्यांची जास्त गरज होती. रडू नका बाई, रडल्याने विश्वासाची साक्ष जाते. आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका, असं वचनच आहे. आता दुःखाला मूठमाती द्या. हे शेवटचं म्हणणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसेल की कुठल्या बाईला आपण कुठला शब्द बोललो.

थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं ते वचन 'खेद करूच नका' असं सांगत नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, असं सांगतं. म्हणजे आशा धरूनही खेद असतोच. अर्धं वचन पुढ्यात टाकणारी माणसं दुष्ट नसतात. त्यांना समोरच्याचं रडणं सोसवत नाही, म्हणून ती त्यावर शास्त्राचं झाकण घालतात.

कुणीतरी पंडिता रमाबाईंचाही दाखला दिला होता. पोटची मनोरमा गेली तरी रमाबाईंनी काम थांबवलं नाही, आणि तुम्ही? हे मला फार लागलं. रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळात गेली, भाऊ 1880 मध्ये, नवरा 1882 मध्ये. तेव्हा मुलगी वर्षाचीही नव्हती. तीच मनोरमा 1921 मध्ये गेली आणि रमाबाई स्वतः 5 एप्रिल 1922 ला. त्यांनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल 1924 मध्ये छापून आलं. त्या शेवटच्या महिन्यांत केडगावात त्या किती रडल्या, हे मोजायला आपण कुणी तिथे नव्हतो. त्यांच्या कामाच्या गजाने दुसऱ्या बाईचं दुःख मोजणं हा रमाबाईंवरही अन्याय आहे.

हे मी आज लिहिते आहे, पण दुसऱ्या भेटीत मी स्वतः काय केलं? रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय उघडला आणि देवावर प्रीती करणाऱ्यांचं सगळं मिळून कल्याणच होतं, ते वचन वाचलं. बाई उठल्या, चहा टाकला, मला दिला, आणि पुढच्या गुरुवारी येऊ नका म्हणाल्या. दोन आठवडे फोन उचलला नाही. वचन खरं आहे, माझा त्यावर विश्वास आहे. पण जखम उघडी असताना ते वाचण्याचा हक्क मला नव्हता. बाईंनी स्वतः वाचलं असतं तर गोष्ट वेगळी. मी निरोप पाठवला, "माझी चूक झाली. या वेळी काही वाचणार नाही, नुसती बसेन." बायबलातल्या दुःखाने पिचलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर मुकाट बसले होते. तोंड उघडल्यावर ते चुकले.

तिसऱ्या भेटीत मी खरंच नुसती बसले. पाऊण तासाने बाईच म्हणाल्या, "वाचा काहीतरी."

मी योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय घेतला. भाऊ लाजर मेल्यावर चार दिवसांनी येशू येतो, तेव्हा मार्था येते आणि म्हणते, 'प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता.' मागून मरिया येते, तीही तेच म्हणते. दोघी बहिणींनी चार दिवस घरात हेच वाक्य घोळवलं असणार. येशू दोघींपैकी कुणालाही रागवत नाही. आणि मग ते दोन शब्दांचं वचन: येशू रडला. थोड्याच वेळात लाजर कबरेबाहेर येणार हे ज्याला ठाऊक होतं, तोही आधी रडला. पुनरुत्थानाची खात्री असणं आणि रडणं, दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी होतं. बाईंनी पुस्तक माझ्या हातून घेतलं आणि ते वचन बोट ठेवून पुन्हा वाचलं, पहिलीच्या मुलासारखं, शब्द तोडून.

त्या दिवशी त्या माझ्यासमोर पहिल्यांदा रडल्या.

वही

पुढचे काही गुरुवार आम्ही बायबलमधली स्तोत्रं वाचली, पण उपकारस्तुतीची नव्हे. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोन वचनांत चारदा 'कोठवर' येतं. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक तिरीपही नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मी सुचवलं की बाईंनी असं एखादं स्तोत्र स्वतः लिहावं. शाळेच्या बाई त्या. दुरेघी वही काढली, समास आखला, तारीख घातली. आठवडाभराने एकच ओळ होती:

'प्रभू, निदान फोनची रेंज तरी ठेवायची होतीस.'

"हे पाप नाही ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दोन वर्षांत तुमच्या स्वतःच्या शब्दांतली ही पहिली प्रार्थना आहे. पुढच्या आठवड्यात वहीत पान भरलं होतं. त्यातलं इथे लिहिणार नाही.

पीठ

फेब्रुवारीअखेर, लेंट (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू होऊन आठवडा झाला होता, तेव्हा बायबलातल्या निर्गमाचा सोळावा अध्याय वाचत होतो. रानात मान्ना, म्हणजे देवाने आकाशातून दिलेलं अन्न, पडतो, प्रत्येकाने त्या दिवसापुरता गोळा करायचा. काही जण दुसऱ्या दिवसासाठी ठेवतात, तर त्यात किडे पडतात, दुर्गंधी सुटते. फक्त शब्बाथाच्या (विश्रांतीच्या दिवसाच्या) आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचा. मी या अध्यायातून काही सांगायचं असं ठरवून गेले नव्हते. बाईच थांबल्या. "ताई, आपण प्रभूच्या प्रार्थनेत 'महिन्याची भाकर दे' म्हणत नाही." मी म्हटलं, नाही. "'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' म्हणतो." मी म्हटलं, हो. त्या आत गेल्या आणि पिठाचा डबा उघडून नुसत्या बघत उभ्या राहिल्या.

शनिवारी आम्ही दोघी गिरणीत गेलो. बाईंच्या पिशवीत एक किलो बाजरी. गिरणीवाल्याने काट्यावर पिशवी ठेवली आणि पट्ट्याच्या आवाजात ओरडून विचारलं, "बाई, एवढंच?" बाई बोलल्या नाहीत, नुसती मान हलवली. गिरणीतून आलेलं ताजं पीठ गरम असतं. ती पिशवी त्यांनी पोटाशी धरली आणि तिथेच, पिठाने पांढऱ्या झालेल्या बाकावर बसून रडल्या. 'एवढंच' या शब्दाला त्यांनी पहिल्यांदा हो म्हटलं होतं. गिरणीवाल्याने पुढच्या गिऱ्हाइकाला थांबवलं आणि स्टीलच्या पेल्यात पाणी आणून दिलं. त्या दिवशी त्याच्याइतकं शहाणं कुणी वागलं नाही.

पहिल्या दिवशी तरी हात सवयीनेच गेला, तीन भाकऱ्या झाल्या. नंतर दोन.

वर्तमानात जगा, असं हल्ली जो तो सांगतो, जणू ती मनाची कसरत आहे. बाईंसाठी आज म्हणजे दोन भाकऱ्यांचं पीठ होतं. त्यांना दोन चोर लुटत होते. एक मागचा: बेड एक दिवस आधी मिळाला असता तर, मी ताप आधी मोजला असता तर. दुसरा पुढचा: म्हातारपणी कोण, पडले तर कोण उचलेल. आजचा दिवस या दोघांत वाटून जायचा. डोंगरावरच्या प्रवचनात येशू उद्याची चिंता करू नका म्हणतो तेव्हा 'आज सुख आहे' असं म्हणत नाही. तो म्हणतो, 'ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे.' आजच्या दिवसाला आजचं दुःख आहे, हे त्याने मान्य केलेलं आहे. म्हणून बाईंनी उद्याचं आणि कालचं सोडायचं होतं, पण आजचं रडायचं होतं.

आम्ही तशी वेळच ठरवली. दुपारी चार ते साडेचार, फोटो आणि वही घेऊन बसायचं, हवं तितकं रडायचं. पाचला वॉचमनची मुलगी बाराखडी शिकायला येणार, तेव्हा दार उघडायचं. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी 1999 मध्ये जे मांडलं ते याच्या जवळ जातं: शोकातला माणूस नुकसानाकडे आणि नव्या रोजच्या जगण्याकडे असे हेलकावे घेतो, आणि हे येणंजाणं निरोगी असतं. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या 1969 च्या पाच पायऱ्या लोकांना जास्त ठाऊक असतात, पण त्या मुळात मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून लिहिलेल्या होत्या. बाई मला विचारायच्या, "मी कितव्या पायरीवर?" मी सांगायचे, जिना नाहीच, बाई, झोका आहे.

मुलगा

या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक म्हणजे मुलाकडे माझं लक्षच गेलं नाही. 34 वर्षांचा, भोसरीला नोकरी, दर रविवारी आईला भाजी आणून देणारा. सगळे त्याला "आईला सांभाळ" सांगत होते, मीही. त्याला स्वतःला कसं आहे, हे दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. कबरेपाशी घरचा असा तो एकटाच उभा होता, याचा अर्थ कुणाच्या ध्यानात आला नाही.

मार्चमध्ये एका संध्याकाळी बाई त्याला माझ्यासमोर म्हणाल्या, "तू तरी माती टाकलीस, मला तेवढंही नाही." तो भाजीची पिशवी हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "मीही नाही टाकली, आई. लांब उभं केलं होतं. किट घातलेल्या माणसांनी फावड्याने भरलं. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही." बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि ओट्यावर ठेवली. मी चपला घालून निघाले. त्या घरात त्या वेळी माझं काम नव्हतं.

9 एप्रिल 2023, ईस्टर

आपल्या मंडळ्यांत पुनरुत्थानदिनाची पहाटेची उपासना कबरस्तानात होते. बाई दोन वर्षं गेल्या नव्हत्या. या वेळी मुलाच्या स्कूटरवर मागे बसून आल्या. कबरेच्या कडेला फरशी बसवलेली होती, मधली माती एप्रिलच्या उन्हाने दगड झालेली. मुलाने स्कूटरच्या किल्लीने ती उकरली. बराच वेळ लागला, कारण दोन मुठी माती हवी होती. पलीकडे मंडळी गात होती, मेणबत्त्या वाऱ्याने विझत होत्या, मुलं त्या पुन्हा पेटवत होती. पाळकसाहेब गाणं चालू ठेवून एकटेच या बाजूला आले आणि दोघांच्या मध्ये उभं राहून 'मातीला माती, राखेला राख, धुळीला धूळ' ते वाक्य हळू म्हणाले. बाईंनी मूठ उघडली. नंतर मुलाने.

मग त्या गाणाऱ्यांत जाऊन उभ्या राहिल्या. गायल्या नाहीत, उभ्या राहिल्या.

नंतर

त्यानंतर मी महिन्यातून एकदा जाऊ लागले. डॉक्टरांनी औषध हळूहळू कमी केलं. पहाटे तीनची जाग पूर्ण गेली नाही, पण जाग आली की बाई वही उघडतात. महिला मंडळात त्या अजून येत नाहीत. 'साक्ष जाते' म्हणणाऱ्या गृहस्थांना त्यांनी माफ केलेलं नाही, आणि मी त्यासाठी घाई करत नाही. मुलगा माझ्याऐवजी आमच्याच एका सहकाऱ्याशी बोलतो. एप्रिल आला की दोघांची तब्येत बिघडते. वॉचमनचं बांधकाम संपलं, ते कुटुंब दुसऱ्या साइटवर गेलं. बाईंना ते जड गेलं आणि त्यासाठीही वहीत एक पान आहे.

गेल्या वेळी मी दुपारची गेले. बाई परातीशी बसलेल्या होत्या, शेजारी कोमट पाण्याचं भांडं. मला म्हणाल्या, "जेवूनच जा." मी नको-नको करत होते. त्यांनी पिठाच्या डब्यात हात घातला आणि तसाच थांबवला.

"आधी सांगा, किती खाणार? तेवढंच पीठ घेते."

"एक," मी म्हटलं.

"दीड," त्या म्हणाल्या, आणि मूठ भरून घेतली.